वडावरची राणीघरं

वृषालीच्या पर्समध्ये काचेची एक लहानशी कुपी होती आणि त्या कुपीबद्दल तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सोबत एक सिरिंज आणि दोन सुया. सगळं एका जुन्या चष्म्याच्या डबीत कापूस घालून ठेवलेलं.

२००९ सालचा मार्च होता, होळी होऊन दोनच दिवस झाले होते. वृषाली पुण्याहून महाळुंगे पडवळला आपल्या घरी आली होती, पण सुट्टीसाठी नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती मधमाश्यांवर पीएच.डी. करत होती. सहा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या पेटीतली एक साधी सातेरी माशी तिला मनगटावर चावली. तशा आधीही कितीतरी चावल्या होत्या. त्या दिवशी मात्र पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि घशात कुणीतरी कापडाचा बोळा कोंबावा तसं झालं. मैत्रिणीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

"पुढच्या वेळी याहून वाईट होईल, किंवा काहीच होणार नाही. सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "हे अ‍ॅड्रेनलिन जवळ ठेवा. कुपी फोडायची, अर्धं औषध मांडीत टोचायचं. दहा मिनिटांत फरक पडला नाही तर उरलेलं अर्धं. आणि तडक दवाखाना. मधमाश्यांचं काम सोडता आलं तर बघा."

सोडायचं कसं? तीन वर्षं त्यात गेली होती. सरांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तिचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं, तेही तिच्याच काळजीपोटी. वृषालीनं मैत्रिणीला शपथ घातली आणि सरांना ताप आल्याचं सांगितलं. तेव्हापासून खिडकीत माशी गुणगुणली तरी तिच्या मानेवर घाम यायचा.

आता तिला आग्या माश्यांच्या राणीच्या अळ्या हव्या होत्या. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाला, कड्याला उघडं पोळं लावते, आणि चिडली तर माणसाचा अर्धा कोस पाठलाग करते. राणीच्या अळ्या वर्षातनं थोडेच दिवस मिळतात. वृषालीच्या वडिलांनी, सावळारामभाऊंनी फोन करून सांगितलं होतं, "आपल्या कालव्याकडच्या वडावर सात पोळी लागलीत. एकाच्या खालच्या काठाला बोटाच्या पेरासारखं काहीतरी लोंबतंय. तू म्हणत होतीस तेच असंल बघ."

तेच होतं. दुर्बिणीतून तिनं मोजली. पाच राणीघरं, तोंडं अजून उघडी. म्हणजे आतल्या अळ्या लहान होत्या. दोन-तीन दिवसांत माश्या ती तोंडं मेणानं बंद करणार आणि आठवड्याभरात राण्या बाहेर पडणार.

वडाच्या अलीकडे गहू काढलेल्या रानात नवसूची मेंढरं बसवलेली होती. नवसू मूळचा निमगाव सावाचा, धनगर. पन्नाशी ओलांडलेला, काटक. दरवर्षी शिमग्याच्या सुमाराला तो आणि त्याची बायको सरुबाई मेंढरं घेऊन सावळारामभाऊंच्या रानात उतरायची. पोळी काढण्यात त्याचा हातखंडा होता. वीस-पंचवीस वर्षं तो काढत आला होता.

"आज न्हाई, उद्या बी न्हाई," वृषालीचं ऐकून घेतल्यावर नवसू म्हणाला. "पुनव नुकती झालीया. चांदण्यात आग्या उडतो. अवसेला काळोख पडला की एका दमात काढून देतो."

"अवसेपर्यंत राण्या उडून जातील, मामा. मला अळ्याच हव्यात, त्याही उद्याच्या उद्या."

"मग पुढल्या साली."

संध्याकाळी ती पुन्हा वाड्यावर गेली, म्हणजे मेंढरांभोवती जाळी लावून केलेल्या त्यांच्या मुक्कामावर. सरुबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती.

"इतकं काय हाय गं त्या अळ्यांत?" तिनं विचारलं.

वृषाली शेजारी बसली. "मावशी, राणी माशी आणि कामकरी माशी वेगळी दिसते की नाही? राणी मोठी, हजारांनी अंडी घालते, कित्येक पट जास्त जगते. कामकरी दोन-तीन महिन्यांत झिजून मरते. तिला अंडी घालणं जवळजवळ जमतच नाही. पण दोघींची सुरुवात सारख्याच अंड्यातनं होते. हे अंडं राणीचं, ते कामकरीचं, असं काही नसतं."

"मंग?"

"खाणं. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दुधासारखं पांढरं खाणं मिळतं. नंतर कामकरी व्हायची असते तिला मध आणि पराग. राणीला शेवटपर्यंत तेच पांढरं. त्यानं आतलं बियाणं बदलत नाही. पण त्या बियाण्यातलं काय जागं राहायचं आणि काय झोपायचं, ते ठरतं. गेल्या वर्षी परदेशातल्या लोकांनी साध्या पेटीतल्या माश्यांवर करून बघितलं. झोपवणारा एक पदार्थ अळीत बंद पाडला, तर कामकरी व्हायच्या अळ्यांतल्या बऱ्याच राण्या झाल्या. आपल्या आग्यात तसंच चालतं का, ते मला बघायचंय."

सरुबाईचा हात परातीत थांबला. "मी न् माजी भन हिरा, एका आईच्या. तिला मामानं शाळंत घातली. अंगणवाडीत बाई हाय आता. मी मेंढरांमागं." तिनं भाकरी उलटली. "निजलेलं परत जागं व्हतं का गं?"

"एकदा वेळ गेली की नाही होत, असं वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही."

नवसू लांब बसून ऐकत होता. वृषालीनं त्याच्याकडे पाहिलं. ती काय बोलली ते तिला पुढे कित्येक वर्षं शब्दन् शब्द आठवत राहिलं. "मामा, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. पण ते सगळं पोळं जाळतील. तुमच्यासारखं खालची पट्टी तेवढी काढणारं मला दुसरं कुणी माहीत नाही."

नवसूनं एकदा वडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पहाटं. उजाडायच्या टायमाला गारठ्यात माशी जड असती. धूर लई लागंल. न् तू झाडाखाली यायचं न्हाई."

सावळारामभाऊ असते तर त्यांनी दोघांनाही हाकललं असतं. पण ते आणि वृषालीची आई जुन्नरला साखरपुड्याला गेले होते.

पहाटे वृषालीनं प्रयोगशाळेतून आणलेला पांढरा जाड पोशाख चढवला. डोक्यावर जाळीची टोपी, हातात कोपरापर्यंत कातडी मोजे. पँटच्या टोकांना तिनं दोनदा चिकटपट्टी गुंडाळली. पोशाखाच्या खिशात चष्म्याची डबी, खांद्याला बर्फाचा डबा. नवसूला तिनं तसलाच दुसरा पोशाख दिला, तर तो हसला. "ह्यात झाडावर चढता यील व्हय?" त्यानं अंगावर घोंगडी घेतली, तोंडाला फडकं बांधलं, कमरेला दोर आणि कोयता, पाठीला टोपली. ओल्या गवताच्या चुडीतून दाट पांढरा धूर निघत होता.

वृषाली बांधावर चाळीस पावलं दूर उभी राहिली. वड काळा दिसत होता आणि फांद्यांखाली सात पोळी, प्रत्येक परातीपेक्षा मोठं. नवसू चढला. धूर वर गेला. पोळ्यावरच्या माश्यांची एक लाट खालून वर सळसळत गेली, मग दुसरी. सापानं अंग हलवावं तसं. कोयत्याचा आवाज आला नाही, पण पट्टी टोपलीत पडली ते तिला दिसलं. टोपली दोरानं खाली येऊ लागली.

तेवढ्यात कालव्याकडून वारं आलं.

जोराचं नव्हतं. पण धूर वाकडा झाला आणि नवसूपासून लांब गेला. एक क्षण काहीच झालं नाही. मग पोळ्याचा काळा पडदाच्या पडदा सुटून खाली पडला, आणि पडता पडता त्याच्या माश्या झाल्या. शेजारच्या पोळ्यावरच्याही सुटल्या. आवाज असा आला, की रस्त्यावरून मोठा ट्रक चढ चढतोय असं तिला वाटलं.

"मामा! उतरा!"

नवसू फांदीवरून घसरतच आला, शेवटी पुरुषभर उंचीवरून पडला, उठला, पळाला. घोंगडी एका खांद्यावरून निसटली होती. वृषालीच्या जाळीवर माश्या येऊन आपटू लागल्या. जाळीच्या पलीकडे, डोळ्यांपासून दोन बोटांवर, त्या काटे काढून रोवायला बघत होत्या. आणि तिला वास आला, पिकलेल्या केळ्यांचा. हा वास तिला ठाऊक होता. चावलेल्या माशीच्या काट्यातून तो सुटतो आणि बाकीच्यांना सांगतो की इथे चावा.

पळून जावं असं तिला वाटलं. ती चार पावलं पळालीही, गावाच्या दिशेनं. मग मागे वळून बघितलं तर नवसू ढेकळांत गुडघ्यावर बसला होता.

वाड्याकडून सरुबाई धावत आली. डोक्यावरून घोंगडी, हातात धुमसत्या गोवऱ्यांचं घमेलं. वृषाली आणि ती एकाच वेळी नवसूपाशी पोचल्या. सरुबाईनं घमेलं खाली आदळलं, दोन्ही घोंगड्या तिघांवर ओढल्या आणि कडा पायांखाली दाबल्या.

आत अंधार. मेंढराच्या लोकरीचा आणि धुराचा वास. बाहेरून माश्या गारांसारख्या घोंगडीवर पडत होत्या.

"काय न्हाई, काय न्हाई," नवसू म्हणाला. "मला लई डंख झाल्यात जन्मात." मानेतला एक काटा त्यानं स्वतःच खरवडून काढला. मग एकदम म्हणाला, "सरू, हातापायाला खाज सुटलीया गं." त्याला उलटी झाली. आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजू लागली.

ती शिट्टी वृषालीनं ओळखली. सहा महिन्यांपूर्वी ती तिच्या स्वतःच्या गळ्यातून आली होती.

मोजे घालून कुपी फुटणार नव्हती. घोंगडीत किती माश्या शिरल्या होत्या कुणास ठाऊक. दोन-तीन तरी भिरभिरत होत्या. वृषालीनं दोन्ही मोजे काढले. ती कुपी तिच्या जिवासाठी होती आणि एकच होती. त्या एका क्षणात तिनं काय काय विचार केला ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही. सरुबाईला मोबाईलचा उजेड धरायला सांगितलं, कुपीची मान मोडली, औषध ओढून घेतलं आणि नवसूच्या मांडीत, धोतरावरूनच, अर्धं टोचलं.

सुई बाहेर काढत असतानाच अंगठ्याच्या मुळाशी आग झाली. तिनं बघितलं. माशी निघून गेली होती आणि काटा तिथंच धडधडत होता, विषाच्या इवल्याशा पिशवीसकट. तिनं तो नखानं खरवडला. कामकरीच्या काट्याला आकडे असतात, राणीच्या काट्याला जवळजवळ नसतात. हे तिनं कितीदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. आत्ता तिला ते आठवलं आणि ओरडावंसं वाटलं.

"तुला बी चावली?" सरुबाईनं विचारलं.

"हो. काही नाही."

तिनं सिरिंजची सुई बदलली. उरलेलं अर्धं आपलं, असं मनाशी म्हटलं. मग संपतला फोन लावला. संपत शेजारचा, मंचरला कांदा पोचवणारा पिकअपवाला. "काचा वर करून थेट रानात घाल गाडी. आग्या सुटलाय."

मग वाट बघणं. मोबाईलवरचे आकडे बदलत होते. तीन मिनिटं. पाच. नवसूची शिट्टी थोडी उतरली. सात मिनिटं. वृषालीचे तळहात खाजू लागले. तिनं ते लोकरीवर घासले. ओठ बधिर झाल्यासारखे वाटत होते, की भीतीनं तसं वाटत होतं? तिनं हळूच आपलं नाव उच्चारून पाहिलं. आवाज आपलाच होता.

नऊ मिनिटं. नवसूचं डोकं सरुबाईच्या खांद्यावर घरंगळलं. ओठ जांभळे झाले होते.

"अवं! अवं, बोला की!" सरुबाई त्याला हलवत होती. तिनं वृषालीच्या हातातली सिरिंज बघितली. तिच्यात अजून औषध होतं हे तिला दिसलं. "आता कशाला ठिवलंस ते? दे की गं!"

वृषालीच्या घशाशी काहीतरी दाटलं होतं. तिनं सिरिंज दोन्ही हातांनी धरली, कारण एक हात ऐकत नव्हता, आणि उरलेलं सगळं नवसूच्या दुसऱ्या मांडीत टोचलं.

पिकअप अगदी अंगाशी येऊन थांबली. संपतनं दार उघडलं, दोघींनी नवसूला आत ढकललं, सरुबाई त्याच्यापाशी बसली. तिसऱ्या माणसाला पुढे जागा नव्हती. वृषाली मागच्या हौद्यात कांद्याच्या गोण्यांवर चढली. तिच्या पोशाखाला अजून माश्या चिकटलेल्या होत्या. गाडी सुटली तशा त्या वाऱ्यानं एकेक करून गळाल्या.

ती एकटी होती. गळा बंद झाला तर पुढे कुणाला कळणारही नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती मोठ्यानं आकडे मोजू लागली, शंभर झाले की पुन्हा एकपासून. बत्तीसपर्यंत आवाज नीट होता. चाळीसनंतर घोगरा झाला. कळंबला हायवेला लागले तेव्हा एक डोळा सुजून मिटला होता, पोटातून कळा येत होत्या. मंचरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. संपत हॉर्नवर हात ठेवून उलट्या बाजूनं घुसला. समोरून येणारी एस.टी. तिला दिसली, ड्रायव्हरचं वासलेलं तोंडही दिसलं. नव्वदच्या पुढचा आकडा कुठला, ते तिला आठवेना.

त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. छताचा पंखा. कुणीतरी पोशाख कात्रीनं कापत होतं. मांडीत सुई. तोंडावर रबरी वास.

दोघंही वाचली. नवसूच्या अंगातून नर्सनं त्रेसष्ट काटे काढले. डॉक्टर म्हणाले, ते औषध वेळेवर गेलं नसतं तर मंचरपर्यंत आणायचं कारणच उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरुबाई वृषालीच्या खाटेपाशी आली. बसली नाही.

"डॉक्टर सांगत व्हता, ह्ये औषध दुकानात असंच मिळत न्हाई. ज्याला माशीचा धोका, त्यालाच लिवून देत्यात."

वृषालीनं नवसूच्या खाटेकडे बघितलं.

"म्हंजी तुला ठावं व्हतं. माशीनं माणूस असं मरतं, ह्ये तुला ठावं व्हतं. न् तू आमाला न्हाई सांगितलंस."

"मामांना कधी काही झालं नव्हतं, मावशी. मला वाटलं, धोका फक्त मलाच आहे."

"तुला झालं, त्ये सांगितलं असतंस तर म्या त्यास्नी चढू दिलं असतं व्हय?"

पलीकडच्या खाटेवरून नवसूचा सुजलेला आवाज आला. "मी चढलो. तिनं काय ढकललं न्हाई मला."

"तुमी गप ऱ्हावा," सरुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तुजं औषध तू त्यास्नी दिलंस, त्ये म्या डोळ्यांनी बघितलं. त्ये मी इसरायची न्हाई. पर ह्ये बी इसरायची न्हाई."

संध्याकाळी वृषालीनं सरांना फोन करून सगळं सांगितलं. सरांनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, "आजपासून तू जिवंत माशीच्या जवळ जायचं नाही." त्यांनी एवढंच सुनावलं, तेव्हा ती कालपासून पहिल्यांदा रडली.

वडाखाली पडलेली पट्टी सावळारामभाऊंनी तिसऱ्या दिवशी शोधली. राणीघरं मुंग्यांनी रिकामी केली होती. पुढची दोन वर्षं वृषालीनं दुसऱ्यांनी आणलेल्या, गोठवलेल्या अळ्यांवर काम केलं. राणीच्या आणि कामकरीच्या अळ्यांमधला फरक तिला सापडला, काही ठिकाणी स्पष्ट, काही ठिकाणी धूसर. प्रबंध झाला. पंख्याच्या आवाजानं मात्र ती अजून दचकून उठत असे.

२०११ च्या उन्हाळ्यात ती निमगाव सावाला नवसूच्या घरी गेली. सरुबाईनं चहा केला, भाकरी खाऊन जा म्हणाली, पण हसली नाही. नवसू आता मेंढरांमागेही डोकं-मान गुंडाळून जायचा, आणि सरुबाई झाडांवर पोळं नाही ना ते बघून वाट ठरवायची. ती पाण्याला बाहेर गेली तसा नवसू पुढे सरकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "म्हातारबाबाच्या देवळाकडच्या माळावर चिंचंला पोळं लागलंय. लई मोठं. खालच्या काठाला चार लोंबत्यात. मी लांबनंच बघतो हां. रोज जातो."

वृषालीनं कप खाली ठेवला. "किती लांबून, मामा?"

नवसूनं दाराकडे बघितलं.

"काय बोलताय?" बाहेरून सरुबाईचा आवाज आला.

वृषाली उठली आणि बाहेर गेली. हंडा उतरवायला हात देता देता तिनं सरुबाईला चिंचेवरच्या पोळ्याचं सगळं सांगून टाकलं.